फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत

आज लेकीच्या ड्रेससाठी बक्रमचं कडक कापड कापताना खळीचा तो वास आला आणि मला दुबईच्या बर दुबई भागातला आमचा फ्लॅट आठवला.

मी आठवीत होते. शाळेच्या नाटकात चारशे वर्षांपूर्वीचं लंडन होतं. तिथे बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून नाटक कंपनीतले शिकाऊ मुलगे राणी व्हायचे. तसाच एक मुलगा मला करायचा होता. आई माझी बक्रमची कॉलर शिवत होती.

माझी चाल बघून ती म्हणाली, "तू मुलगीच वाटतेस. त्याला झगा नवीन आहे ना? पाऊल टाकण्याआधी तो जरा विचार करेल."

मग कमरेला चादर गुंडाळून ती फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत चालली. निघाला तो बावरलेला मुलगा होता, बाल्कनीशी पोचली ती राणी.

"आई, यू कॅन अ‍ॅक्ट?"

"लग्नाआधी करायचे नाटकात कामं."

जबल अलीहून, कामावरून परतलेले बाबा बूट हातात धरून दारातच थांबले होते. "पुन्हा एकदा चाल ना," ते हळूच म्हणाले.

ती चालली.

शाळेत टाळ्या मला मिळाल्या. पण आईच्या त्या प्रयोगाला आम्ही दोघंच प्रेक्षक होतो, आणि त्यातली एक मी होते, हे माझं भाग्य.