शैलाबाईंचं रिव्हॉल्व्हर आणि माझी शिवण

बंदुकीच्या दुकानात किस्से फार साठतात. का सांगू? गिऱ्हाईक नसतं म्हणून! किराणावाल्याला बोलायला फुरसत नसते. आमच्याकडे माणूस वर्षातून एकदा काडतुसांचा डबा न्यायला यायचा आणि उरलेलं वर्षभर नुसता बसायला यायचा.

रत्नागिरीत रामआळीच्या तोंडाशी आमचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पुढे आमचे हे, म्हणजे सगळ्या गावाचे नाना. पडद्याच्या मागे मी. रोजचे बसणारे दोघे: रिटायर झालेले हवालदार दाजी आणि बोटीवरची नोकरी सोडून कायमचे घरी आलेले इब्राहिमचाचा. बागायतदार यायचे, वानरं आणि डुकरं हाकायला बारा बोअरची काडतुसं न्यायचे, चहा पिऊन जायचे. असं आमचं चाललेलं.

त्यात चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला शैलाबाई सुर्वे आल्या. एक आधीच सांगून टाकते, त्या बाईवर मी जळत होते. चांगली धुमसत होते! आता वय झालं, कबूल करायला माझं काय जातंय?

*

शैलाबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. हातखंब्याच्या पलीकडे त्यांची दोनशे कलमांची बाग. धाकट्या दिराला वाटे, ती आपल्या ताब्यात यावी, बाईमाणूस काय सांभाळणार? आधी धमक्या झाल्या. मग ऐन सीझनला बागेतला मांगर, सामानाची झोपडी, जळला, आतल्या पेट्या-गवतासकट. कुणी बघितलं नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. बाई दिवसभर त्या बागेत एकटी असायची. तिने कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला, पोलिसांची चौकशी झाली आणि वर्षभराने लायसन हातात घेऊन ती आमच्या पायरीवर उभी राहिली. साधी सुती साडी, डोक्यावरून उन्हाचा पदर, पायात पुरुषी चपला.

दुकानातले तिघेही उभे राहिले! कलेक्टर आला असता तरी चाचा उठले नसते, त्यांचे गुडघे दुखायचे.

ह्यांनी स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली. मग पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "अगो, चहा टाक! आलं घालून!"

बावीस वर्षं मी ह्या माणसाला विचारत आले, चहात आलं घालू का? आणि बावीस वर्षं एकच उत्तर, "नको, मला आल्याने पित्त होतं."

त्या दिवशी दोन कप प्यायले.

*

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कागद-पेन्सिल काढली. "हत्यार हाताच्या मापाचं हवं," म्हणाले. "मूठ मोठी झाली तर बोट चापापर्यंत पोचत नाही."

आणि शैलाबाईंचा हात कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. एकेका बोटाभोवती, सावकाश. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नाही.

मला बांगड्या आणताना ह्यांनी कधी माप घेतलं नाही. दरवेळी एक नंबर लहान! साबण लावून, डोळ्यांतून पाणी काढत मी त्या चढवायच्या आणि हे विचारायचे, "आवडल्या ना?"

रात्री जेवताना मी म्हटलं, "माझाही हात काढा की कागदावर."

हे आमटीत भात कालवत म्हणाले, "तुला काय करायचंय? तुझं लाटणं बसतंय की हातात बरोबर!"

दुसऱ्या दिवशी पोळ्या केल्या नाहीत. विचारलं तेव्हा सांगितलं, "लाटणं हाताला मोठं होतंय."

*

आता हत्यार निवडायचं. तेव्हा नवीन विलायती माल कुठला मिळायला? एखादा लायसनवाला वारला की घरची माणसं त्याचं हत्यार आमच्याकडे जमा करत, त्यातलंच विकायचं. कपाटात तीन होती. एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर, ते शैलाबाईंना दोन हातांनी धरावं लागलं. एक छोटंसं पिस्तूल, मुठीला शिंपल्याची नक्षी. आणि एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, निकेल केलेलं, चकचकीत.

बाईंना पिस्तूल आवडलं. पण त्याचा वरचा भाग मागे खेचला तरच गोळी आत चढते, आणि तो त्यांना खेचेना. दोनदा प्रयत्न केला, अंगठा सोलला. हे कळवळले! "जपून, जपून!" म्हणत आयोडीन शोधायला लागले.

मी चहाचा ट्रे घेऊन पुढे आलेच होते. ट्रे ठेवला, ते रिकामं पिस्तूल उचललं आणि एका झटक्यात मागे खेचलं. खटॅक! वीस वर्षं रोज विहिरीचं पाणी ओढत होते मी.

दाजी उडालेच. "वैनी! तुम्ही लायसन काढा!"

चाचा म्हणाले, "नाना, आजपासून सांभाळून राहा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, काहीतरी बोलतील. हे म्हणाले, "नीट ठेव ते खाली. दुसऱ्याची वस्तू आहे."

मग शैलाबाईंकडे वळून किती गोड समजावलं! पिस्तुलात गोळी अडली तर दोन हात लागतात, रिव्हॉल्व्हरचा नुसता पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी. शिवाय निकेल असल्यामुळे आपल्या खाऱ्या हवेत लवकर गंजत नाही. सलग इतकी वाक्यं हे माझ्याशी लग्न ठरल्यापासून बोलले नव्हते.

*

रिव्हॉल्व्हर ठरलं. आता ते अंगावर बाळगायचं कुठे? दिसता कामा नये आणि वेळेला हाताशी तर हवं.

शैलाबाई म्हणाल्या, "मी आपलं पर्समध्ये ठेवीन."

दाजींनी मनगटावरचं घड्याळ काढलं. "बघू या. समजा मी तुमचा दीर. आलो! काढा!"

बाईंनी पर्समध्ये हात घातला. किल्ल्या निघाल्या, कंगवा निघाला, जीपच्या डिझेलच्या पावत्या निघाल्या, आंब्याच्या साटाचा तुकडा निघाला. शेवटी घाईघाईने जे बाहेर काढून दाजींवर रोखलं ती डोकेदुखीच्या बामची बाटली!

दाजींनी घड्याळ बघितलं. "पाऊण मिनिट. एवढ्यात दीर तुम्हाला मारून घरी जेवायला पोचला."

चाचा म्हणाले, "नाही, नाही. बाम चोळून घेऊन झोपला असता इथेच."

बाई इतकं हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. हेही हसले, आणि हसताना ह्यांच्या गालाला खळी पडते हे मला बऱ्याच वर्षांनी आठवलं. माझं जे काही जळलं, विचारू नका.

*

मग तीन पुरुषांची परिषद बसली. बाईने साडीत रिव्हॉल्व्हर कसं बाळगावं! तिघांतला एकजण तरी जन्मात साडी नेसलेला? पण मतं काय विचारता!

चाचांनी परदेशातल्या बंदरावर कुणाच्या तरी खांद्यावर चामड्याचा पट्टा बघितला होता, बगलेत हत्यार अडकवायचा. "आणि वर ब्लाउज कोणतं घालू?" शैलाबाईंनी विचारलं, तर चाचा छताकडे बघायला लागले. दाजींना साडीवरून पोलिसी पट्टा हवा होता. आमचे हे विचार करकरून म्हणाले, "निऱ्यांत खोचावं. सोपं आणि सुटसुटीत."

मला राहवेना. आतूनच ओरडले, "अहो, पाऊण किलो लोखंड निऱ्यांत खोचलंत तर बागेत पोचेपर्यंत रिव्हॉल्व्हर राहील आणि साडी हातखंब्याला!"

मग शैलाबाईंचाच आवाज आला, "वहिनींना बोलवा हो. इथे एकच शहाणं माणूस आहे."

मी बाहेर आले. ह्यांनी कपाटातून पट्टा काढला, त्याला एक वजन बांधलं आणि माझ्या कमरेला लावून बघायला लागले. थोडं वर, थोडं डावीकडे. चारचौघांत! मी आपली लाजून चूर. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असं काहीतरी.

"माझ्यावर कशाला बघताय?" मी हळूच विचारलं.

पट्ट्यावर खडूने खूण करत हे म्हणाले, "तुझी आणि त्यांची कंबर सारखीच आहे. अर्ध्या इंचाचा फरक असेल."

अर्धा इंच! माणसाने एवढ्या बारकाईने बघितली होती कंबर!

*

पिशवी मीच शिवायची ठरलं. जाड कॅनव्हास, आतून फ्लॅनेल, चार बोटं रुंद पट्टा. परकराच्या नाडीवर बांधायचा, साडी त्याच्यावरून. पिशवी डाव्या कुशीला तिरकी, म्हणजे पदराखालून उजवा हात गेला की थेट मुठीवर. ही अक्कल माझी बरं का, तिघांपैकी कुणाची नाही.

मशीनवर बसले होते. पिशवीच्या तोंडाशी शेवटची शिवण तेवढी राहिली होती. पुढून शैलाबाईंचा आवाज आला, "नाना, तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं?"

आणि आमचे हे, अगदी मऊ आवाजात, "असं म्हणू नका. मी आहे ना."

मी कापड सरकवलं. एक बोट आत, म्हणजे तोंड तेवढं अरुंद. एकच बोट. आणि पायाने मशीन चालवली.

मग बाईंना आत बोलावून पट्टा बांधला. त्यांनी बसल्या बसल्या सावकाश काढून बघितलं. निघालं, पण ओढून. "नवं कापड आहे, सैल होईल," मी म्हटलं. चक्क खोटं! कॅनव्हास घामाने आणखी आवळतो हे मला माहीत नव्हतं होय?

हे पडद्यापलीकडून विचारतायत, "बसलं का बरोबर?"

"बसलं!" मी म्हटलं.

त्या रात्रीपासून देवापुढे दिवा लावताना तो जळका मांगर दिसायचा. काय म्हणून मी ते केलं? वाटायचं, उठावं, हातखंब्याची एस.टी. पकडावी, पिशवी मागून घ्यावी आणि शिवण उसवून द्यावी. मग ह्यांचं ते "मी आहे ना" आठवायचं आणि मी परत भांडी घासायला बसायचे. आठ दिवस असे काढले. जीव बाईचा पणाला लागलेला आणि मी मानपान करत बसले होते!

*

नवव्या दिवशी शैलाबाई आल्या. खुर्चीवर न बसता सरळ पडदा सारून आत. चेहरा पांढराफटक. माझ्या हातातली सांडशी खाली पडली.

"वहिनी, काल दीर आला होता," म्हणाल्या. "भरदुपारी. मी एकटीच होते बागेत. कलमांमधून धावत येत होता, हातात कोयता, ओरडत होता काहीतरी. मी मुठीला हात घातला. ओढलं. निघेना. परत ओढलं. निघेना!"

मी सांडशी उचलायला वाकले.

"चाप ओढायचाच म्हणून हात घातला होता मी," त्या म्हणाल्या. "भीतीने डोळे मिटले. तो समोर येऊन उभा राहिला आणि रडायलाच लागला. 'वहिनी, जीप काढ, आई पडली!' गवत कापत होता, हाक आली तसा कोयत्यासकट धावत सुटला होता. सासूबाई पायरीवरून पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं हो. त्यांना जीपमध्ये घातलं. तो मागे बसला, आईचं डोकं मांडीवर घेऊन. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत मी गाडी चालवली आणि सगळा रस्ता ते कमरेला तसंच अडकलेलं."

"आणि मांगर?" मी विचारलं.

"तो त्यानेच जाळला. त्यात बदल नाही."

बाहेरून ह्यांनी हाक मारली, "शैलाबाई! पिशवीची काही तक्रार आहे का हो?"

"काही तक्रार नाही, नाना!" बाईंनी मोठ्याने सांगितलं. मग पट्टा सोडून माझ्या पुढ्यात ठेवला. "घामाने खराब झाली. दुसरी शिवून द्याल?"

मी मान हलवली. पिशवी उचलली, तिच्या तोंडावर बोट फिरवलं. आणि विचारलं.

"तोंड केवढं ठेवू?"

शैलाबाईंनी पिशवीच्या तोंडावरचं माझं बोट बघितलं. नंतर पदर खांद्यावरून नीट घेतला.

"आहे तेवढंच ठेवा, वहिनी."