हॅनाचं मुकं बोलणं

कापडगिरणीत मागांच्या खात्यात माणसाचा आवाज ऐकू येत नसे. शेकडो माग एकदम धडधडत. म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकर बायका नुसत्या ओठांनी बोलत. शब्द ओठांवर मोठा करून घडवायचा, आवाज काढायचा नाही. हॅना ऑर्मरॉड पार दाराजवळच्या बाईचे ओठ वाचायची. डोळा ओठांवर, हात तुटलेल्या धाग्यावर. दोन्ही कामं चोख लागत. धागा वेळेवर जोडला नाही तर कापड बिघडे आणि मजुरी कापली जाई.

अशा जागी गुपित टिकणं अवघड, म्हणून ते फोडणाऱ्यांना नावं पुष्कळ. क्लॅरा पिकअप ‘ब्लॅबरमाउथ’. तिच्या पोटात काही राहत नसे, हे तिलाही मान्य होतं. आईकडे चहाड्या करणारं पोर ‘टेलटेल’. ही नावं हसण्यावारी जात. ‘स्निच’ हे नाव मात्र मालकाला खबर पुरवणारीचं. ते एकदा चिकटलं की तिला कुणी ओठ दाखवत नसे. ती बघते आहे असं दिसलं की बायका तोंडावर हात धरत. त्या गोंगाटात ती दिवसभर एकटी.

मालकाला दर बाईकडे चाराऐवजी सहा माग द्यायचे होते. चार मागांवरच संध्याकाळी पाय उचलत नसत. बायकांनी ठरवलं, मार्था होल्डनने पहिला माग बंद करायचा, मागोमाग सगळ्यांनी. दिवस ठरायच्या आतच मॅनेजर थॉर्बरने मार्थाला काढून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डोळे क्लॅराकडे वळले.

“बघता काय?” क्लॅरा म्हणाली. “गावभर सांगत सुटेन, पण त्या थॉर्बरला? त्याच्या तोंडाला वास येतो, जवळ कोण उभं राहील?”

कुणी हसलं नाही. एका म्हातारीने ‘स्निच’ एवढंच म्हटलं आणि पाठ फिरवली.

हॅनाने हातातला पाव परत फडक्यात गुंडाळला. मार्थाचं तिने एकीला सांगितलं होतं, दुसऱ्या गिरणीतल्या आपल्या बहिणीला, लिझीला. पण ते रविवारच्या प्रार्थनेला चॅपेलमध्ये, या बाकावरून त्या बाकावर, नुसत्या ओठांनी. गिरणीबाहेरच्या कुणाला ते कळणार?

रविवारी लिझी पुन्हा समोरच्या बाकावर होती. तिने ओठांनी विचारलं, “मार्थाच्या जागी आता कोण?”

हॅनाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाजूच्या रांगेत थॉर्बरची बायको बसली होती. तिची नजर लिझीवर होती आणि लिझीचे शब्द तिच्या ओठांवर अगदी हलके उमटत होते. जुन्या विणकर बाईचेच ओठ तसे हलतात. थॉर्बर परगावाहून आलेला. लग्नाआधी बायको काय करायची, हे कुणी विचारलंच नव्हतं.

हॅनाने स्तोत्रांच्या पुस्तकात तोंड लपवलं.

“लिझे, मार्थाला मीच घालवलं,” घराकडे जाताना ती म्हणाली.

सगळं ऐकून लिझीने तिचा दंड धरला. “आता गप्प बस. क्लॅराच्या नावावर पडलंय, पडू दे. तिला सवय आहे.”

“चॅपेलमध्ये सगळ्याच तशा बोलतात गं. पुढच्या रविवारी दुसरं नाव जाईल.”

“जाऊ दे. उद्या तुझ्याशी कुणी बोलेनासं झालं तर किती दिवस टिकशील तिथे? आणि काम सोडलंस तर आईला खायला काय घालशील?”



सकाळी माग सुरू झाले. हॅनाने आपल्या चारही मागांना हात लावला, धाग्याची एक रिकामी कांडी बदलली आणि सगळ्यांना दिसेल अशी दोन रांगांमध्ये जाऊन उभी राहिली. मग तिने एकेक शब्द ओठांवर मोठा करून घडवला.

“थॉर्बरची बायको ओठ वाचते. चॅपेलमध्ये बोलू नका.”

“तुला कसं कळलं?” क्लॅराने विचारलं.

“मार्थाचं मी तिच्यासमोर बोलले. लिझीशी.”

शेजारच्या रांगेतला एक हात वर गेला आणि तोंडावर बसला. मग पलीकडचा. मग दारापर्यंत सगळे.

क्लॅराचं तोंड तेवढं अजून झाकलेलं नव्हतं.

“तुझ्या तिसऱ्या मागाचा धागा तुटलाय,” ती म्हणाली, आणि तिनेही तोंडावर हात धरला.