मुखपृष्ठावरची इंदूबाई

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. कारखानदाराला भरसभेत चोर म्हणणारा मी — पण ही गोष्ट जिभेवर आली की मी विषय बदलतो.

सुरतेत, भेस्तानच्या लूमवस्त्यांसाठी, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांसाठी, आम्ही आरोग्याचं मासिक काढायचो. वस्तीतल्याच बाया आरोग्यसेविका. अंक पिशवीत घालून त्या खोल्याखोल्यांतून फिरायच्या, चित्रं दाखवून सांगायच्या — टीबी लपवू नका, गोळ्या मध्येच सोडू नका. मजकूर माझा. कामगार युनियनची पत्रकं लिहून घडलेला हात. उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपायचं नाही.

शोभाताई आमच्या सगळ्यात जुन्या सेविका. विनवण्या करकरून त्यांनी इंदूबाईला गोळ्या सुरू केल्या होत्या. इंदूबाई धुळ्याकडची, लूमवर सुताच्या कांड्या भरायची. तिची एकच अट — कुणाला कळता कामा नये, शेठ कामावरून काढेल. चूक होतं का तिचं?

नोंदीसाठी तिचा फोटो मी काढला. ती नको म्हणत होती. शोभाताई म्हणाल्या, “काढू दे गं, दादा आपलेच आहेत.” मी म्हणालो, ऑफिसातच राहील.

मग टीबीच्या अंकाला मुखपृष्ठ हवं झालं. तो फोटो मीच चित्रकाराला दिला. त्यानं काचेवर ठेवून गिरवला — तोंडाशी पदर, खोकून वाकलेली बाई. हनुवटीवरच्या गोंदणापाशी त्याचा हात थांबला. “हे गाळू का? ओळखू येईल.”

मी म्हणालो — “राहू दे. खोट्या चित्रांनी लोक जागे होत नाहीत.”

त्यानं विचारलं होतं. मला कळलं नाही, असं म्हणायची सोयच नाही.

शोभाताई तेव्हा गावी होत्या. त्यांच्या गल्लीत अंक दुसऱ्याच सेविकेनं वाटला. पोरं इंदूबाईला बघून खोटं खोटं खोकायला लागली. नळावर तिचा हंडा बाजूला सरकवला गेला. शेठनं काढलंच. ती अंक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली — “भाऊ, हाई मीच शे ना?”

मी म्हणालो, नाही. चित्रकाराच्या मनातली बाई आहे. असं गोंदण निम्म्या खानदेशात सापडेल. वर चिडलोही — चित्र बघून माणसं वाळीत टाकतात, त्यांना विचार!

आता सांगा — चित्र तिचं नाही, तर मग आजार फोडला कुणी? गल्लीनं ठरवलं, शोभाताईंनी; गोळ्या त्याच तर देत होत्या. त्या गावाहून परतल्या तर दारं बंद. मला एकदाच विचारलं, “दादा, फोटोवरून तर नाही ना काढलं?” नाही, मी म्हणालो. डोळ्यांत बघून म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला — हे कसं सोसायचं?

इंदूबाई गोळ्या अर्ध्यावर टाकून गावी गेली. पुढे काय झालं, मी विचारलं नाही. धीर झाला नाही. पुढच्या अंकात मात्र रोग्याला हिणवणाऱ्या समाजावर जळजळीत लेख लिहिला. कौतुक झालं. मी ते घेतलं.

शोभाताईंनी पिशवी आणून टेबलावर ठेवली. “मला आता कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, दादा.” तेव्हा तरी बोलायचं होतं. चित्रकार शेजारीच होता, मान खाली घालून. मी पिशवी उचलून कपाटात ठेवली.

त्यांच्या जागी नवी मुलगी आली. तीच पिशवी मी तिच्या हातात दिली आणि शिकवलं — पहिली गोष्ट, रोग्याचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही.