हात कानाला पुरला नाही

खुटबावच्या हौसरावआबांना आयुष्यानं फारसं काही दिलं नाही, पण त्यांचं थोरलेपण कुणी नाकारलं नव्हतं. शाळा दुसरीतच सुटली, उमर मेंढरांमागं गेली, पुढं मेंढरं विकून ऊस लावला. तरी सोयरीक जुळवायची असो नाहीतर बांधाचं भांडण मिटवायचं असो, आधी आबांना विचारायचं हे ठरलेलं. धाकटा भाऊ संपत शिकून कचेरीत साहेब झाला, तोसुद्धा सणावाराला त्यांच्या पाया पडायचा. म्हातारपणी एवढी एकच मिजास उरलेली, आणि तिच्यावरच घरच्या पोरानं घाला घातला.

हे पोर म्हणजे संपतचा नातू विश्वजीत. त्यानं भावकीची वंशावळ छापायला घेतली. भलताच हुशार! सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली, तारखा लावल्या, आणि संपतला वर नि आबांना खाली बसवून मोकळा झाला. जन्म दोघांचाही एक जूनचा. गुरुजींच्या कृपेनं अर्धं गाव त्याच दिवशी जन्मलेलं. पण कार्डावर संपत दोन वर्षांनी मोठा!

"आरं, त्याला कडेवर घिऊन हिंडलोय मी!" आबा कडाडले.

"आबा, कागद तसं म्हणत नाय."

कागदाचं काय घेऊन बसलात! त्या काळी शाळेत वय कुणाला ठाऊक असायचं? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरला की पोरगं सहा वर्षांचं झालं, घ्या लिहून. संपत पाचव्या वर्षीच कान धरून आत गेला. आबांचीही बोटं टेकायची, पण गुरुजी म्हणायचे, "नुसती टेकून चालायची न्हाईत, कान मुठीत आला पाहिजे." असे दर साली परत फिरता फिरता आबा नऊ वर्षांचे झाले, तेव्हा कुठं सहाचे ठरले. तिकडं संपतला वर्षभर आधी नोकरी सोडावी लागली, म्हणून तो आजही गुरुजींच्या नावानं बोटं मोडतो.

"चला, आयेलाच इचारू," आबा म्हणाले. त्यांची आई झुंबरबाई नव्वदी ओलांडून इनामगावला लेकीकडं राहत होती. आबा, संपत आणि विश्वजीत असे तिघं एसटीत बसले. संपतला पंचाहत्तरीचा फुकट प्रवास, आबांना हाफ तिकीट. "आजोबा, तुम्हाला अजून टाइम हाय," कंडक्टर म्हणाला. संपत खिडकीकडं तोंड करून हसला आणि आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती विश्वजीतवरच उखडली. "मुडद्या, बाळंत मी झाले का तुझं कार्ड? हौश्या थोरला!"

आबांची छाती फुगली. "ऐकलंस, संपत? हात आखूड म्हनून मानूस धाकटा व्हतोय व्हय?"

"आखूड कशाचा?" म्हातारी सहज बोलून गेली. "पयल्याच सालाला पुरला व्हता. संपत्याचं तर नुसतं नख टेकलं. पर तुझ्या बापानं गुरुजीला कोकरू दिलं आन् सांगितलं, हौश्याचा पुरत न्हाई म्हना."

आबांना क्षणभर कळेचना. "का, आये?"

"मंग मेंढरामागं कोन गेलं असतं? संपत्या बारका. थोरला तूच व्हतास न्हवं?"

संपतनं मान खाली घातली. आबांचे डोळे भरून आले, आणि एवढ्या वयात आईसमोर रडायची त्यांना लाज वाटली. त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. विश्वजीत मोबाइल काढून वाट बघत होता.

"मग आबा, तुमचं नाव वर घेऊ ना?"

"घे बाबा," आबा म्हणाले. "लई महागात पडलंय ते."