मावशीचं ठिबक

माझ्या थोरल्या मावशीला निवांत बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. ती चहा उभ्यानं पिते. जेवायला बसली की मीठ आणायला उठते, आणि मीठ ताटातच असतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी सिन्नर सुटल्याबरोबर ती दारापाशी जाऊन उभी राहते, आणि कंडक्टर "मावशी, नाशिक लांब आहे अजून" म्हणाला, की "असूद्या, तुमी तुमची तिकिटं फाडा" असं त्यालाच बजावते. इंदिरानगरला आमच्या घरी येते तीच मुळी "चल, निघते मी" असं म्हणत. मग चांगली दोन-तीन दिवस राहते, पण तेवढे दिवससुद्धा निघता निघता राहते. एकदा तापानं फणफणली म्हणून दवाखान्यात ठेवली होती, तर सलाईनची बाटली हातात उंच धरून ती वॉर्डाच्या टोकाला पोचली. तिकडच्या बेसिनचा नळ गळत होता आणि तो आवाज तिला पडल्या पडल्या ऐकू येत होता. नर्सनं रागावून परत झोपवलं तेव्हा तिनं अगदी मनापासून विचारलं, "झोपते की. पन झोपून काय करू?"

पाण्याचं तर विचारूच नका. वाया जाणारं पाणी दिसलं, की तिच्या जिवाची नुसती तगमग होते. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर आमच्या नात्यातलं लग्न होतं. भर दुपारी हिरवळीवर फवारे उडत होते. पाहुणे कौतुकानं त्यांच्यापाशी उभे राहून फोटो काढत होते. मावशी अक्षता हातात घेऊन तळमळत होती. "ऐन उन्हात गवताला पाणी! अर्धं तर वर हवेतच जातंय," असं दोनदा पुटपुटली आणि मंगलाष्टकं संपायच्या आत गायब झाली. मागच्या भिंतीकडेचा व्हॉल्व्ह तिनं शोधला आणि पुरता आवळून टाकला. फवारे थांबले. त्याबरोबर हात धुवायचे नळ, आचाऱ्यांची टाकी आणि वरपक्षाच्या खोल्याही थांबल्या. तोंडाला साबण लावलेले वरबाप टॉवेल खांद्यावर टाकून "पाणी, पाणी" करत हिंडत होते, आणि मावशी माझ्या शेजारी उभी राहून समाधानानं म्हणत होती, "बंद केलं बाई एकदाचं."

तिच्या या तगमगीला कारण होतं. सिन्नरच्या पलीकडे, जिथं पाऊस येता येता हात आखडता घेतो, तिथं तिची थोडी शेती आहे. कांदा करते, टोमॅटो करते. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ हयात असतानाच वाटण्या झाल्या. जमिनीचे दोन तुकडे पडले, पण विहीर एकच होती आणि तिचे दोन तुकडे पडेनात. मग एक दिवस थोरलीचं पाणी, एक दिवस धाकटीचं, अशी पाळी ठरली. पुढे दोघे भाऊ गेले आणि दोन जावा, एक विहीर आणि मधे एक बांध एवढंच उरलं. मावशी सऱ्यांमध्ये पाणी सोडायची, एक वाफा भरला की धावत जाऊन खोऱ्यानं माती ओढायची, दुसऱ्याचं तोंड उघडायची. तेवढ्यात पलीकडे कुठंतरी पाणी फुटायचं आणि बांध ओलांडून जावेच्या रानात शिरायचं. झालं! धाकटी पलीकडून ओरडायची, "बाई, माझा कांदा सडवताय का वो?" आणि मावशी अलीकडून ओरडायची, "मग तुझा बांध कुनी कोरला, ते सांग आदी!" दोघींचं बोलणं एवढंच होतं. पण ते दिवसाआड, नेमानं आणि वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

एकदा माझ्या ओळखीच्या एका द्राक्षबागायतदारांकडे, दिंडोरीच्या बाजूला, मी तिला घेऊन गेले. ते हौसेनं बाग दाखवत होते. बंगला, शेड, नवा ट्रॅक्टर सगळं झालं, पण मावशीचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ती एका वेलीच्या बुडाशी उकिडवी बसली होती. काळ्या नळीच्या बारक्या भोकातून एक थेंब फुगायचा, पडायचा, मग दुसरा फुगायचा. मावशी ते बघत होती. बराच वेळ बघत होती. मला काळजीच वाटली, मी विचारलं, "बरं वाटत नाही का गं?" तर म्हणाली, "थांब जरा. हे पानी कुनी सोडलं, नि माती कोन ओढतंय, तेच बघते." बागायतदार हसले. कोणी ओढत नाही, झाडाला लागेल तेवढंच मुळाशी पडतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. वर हेही सांगितलं, की ठिबकला सरकारी अनुदान मिळतं, ऑनलाइन अर्ज करा. मावशी ताडकन उठली. "चल," मला म्हणाली, "कुठं करायचा तो अर्ज?" चहासुद्धा राहिला आमचा.

आता अनुदान म्हणजे काय, तर थांबायची परीक्षा. आधी अर्ज, मग निवड व्हायची वाट, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमतीची वाट, मग संच बसवायचा, मग साहेब येऊन बघणार, आणि मग खात्यात पैसे यायची वाट. ज्या बाईला दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशी थांबवत नाही, तिनं हे सगळं करायचं होतं. त्यात तिच्या रानात मोबाइलला रेंज नाही, म्हणून अर्जावर नंबर घातला माझा. तो दिवस आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस! पहाटे दूध घालून झालं की गावातल्या पारावर येऊन ती मला फोन लावायची. "आला का मेसेज?"

"मावशी, अजून उजाडलंसुद्धा नाही. सरकार झोपेत मेसेज पाठवतं का?"

"कुनी सांगावं? नीट बघ. खाली सरकव."

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन, भाजी घेताना फोन. एकदा तर "अभिनंदन, आपली निवड झाली आहे" असा मेसेज आला आणि मी तिला आनंदानं कळवलं. तो निघाला कुठल्याशा कर्ज देणाऱ्यांचा. पुढे आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलत होती, जणू मीच तिला फसवलं होतं. शेवटी खरा मेसेज आला, तेव्हा तिनं माझ्याकडून तो तीन वेळा वाचून घेतला आणि मग विचारलं, "खाली सही कुनाची हाय?"

कागदपत्रांत घोडं अडलं. विहीर सामाईक, म्हणजे दुसऱ्या हिस्सेदाराची संमती हवी. दुसरी हिस्सेदार म्हणजे धाकटी. मावशीनं आधी निरोप धाडला. उत्तर आलं, "ठिबक तुमच्या रानात नि सही माझी? उद्या हीर बी तुमचीच म्हनाल." मावशीनं दुसरा निरोप धाडला, तो जरा तिखट होता, त्याचं उत्तरच आलं नाही. मुदत जवळ यायला लागली. कागद वेळेत गेला नसता तर नाव बाद होऊन पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागली असती. मी रविवारी गावी गेले, तर मावशी अंगणात येरझारा घालत होती. "थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं?" असं तिनं मला विचारलं, कोंबड्यांना विचारलं, आणि कोणी काही बोलायच्या आत पदर खोचून निघाली. मीही मागोमाग गेले.

धाकटी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही, पण सतरंजी पुढे सरकवली. "बसा, बाई."

"बसायला नाय आले. सही पायजे."

"बसा म्हनलं."

आणि मावशी बसली! मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. धाकटीनं सावकाश लसूण सोलला, सावकाश पाखडला, चुलीवर चहा ठेवला. मावशीचा गुडघा हलत होता, हात सतरंजीचे धागे उपसत होते, तोंडावर घाम आला होता. पण ती उठली नाही. चहा बशीत ओतून झाल्यावर धाकटी म्हणाली, "मला सांगा, तुमी एवढं पानी वाचवून करनार काय? रान तर घेऊन बसला नाय जास्तीचं."

मावशीनं बशीतल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाली, "मी काय करनार? वाचलं तर राहील कुठं? हिरीतच ना? हीर काय दोन हायत का? माझं राह्यलं ते तुझंच झालं की गं."

धाकटीनं बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पेन हाय का तुझ्याकडं? नि माझा बी अर्ज भरून टाक पोरी. नंबर तुझाच घाल." त्या दिवसापासून मला पहाटे दोन फोन यायला लागले.

संच बसला. तपासणीला येणाऱ्या कृषी सहायकांचा दिवस ठरला, तो नेमका धाकटीच्या पाळीचा निघाला. ठिबक चालू असलेलं दाखवायचं, त्याशिवाय फोटो होत नाही. दुपारी लाइट जाणार होती. पलीकडे धाकटीचं पाणी चालू होतं, कांदा ऐन पोसायला आलेला. साहेब घड्याळ बघत होते, मावशी बांधावर इकडून तिकडे फिरत होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती. मागायचं कसं? पाळी म्हणजे पाळी, हे तिनंच आयुष्यभर ओरडून सांगितलेलं. धाकटीनं एकदा मान वर करून पाहिलं. खोरं टाकलं, तशीच चिखलाच्या पायांनी विहिरीवर गेली आणि स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला. "घ्या. दावा तुमच्या सायबाला."

नळ्या फुरफुरल्या, टोमॅटोच्या बुडाशी थेंब दिसायला लागले. आता लाभार्थी बाईंनी संचापाशी उभं राहायचं होतं. पण मावशी उभी राहील तर! साहेबांनी मोबाइल रोखला की ती वाकून नळी सरळ करायची, पुन्हा रोखला की मागच्या ओळीला पाणी पोचलं का बघायला वळायची. एका फोटोत पाठ आली, एकात नुसता पदर. शेवटी धाकटीच आली आणि तिचा दंड घट्ट धरून ओरडली, "उभ्या राहा की वो बाई जरा!"

"अहो, फोटोत एकच लाभार्थी पाहिजे," साहेब म्हणाले.

"मग तुमीच धरा ह्यांना!"

सरकारदरबारी तो फोटो दोघींचाच गेला. साहेब भले माणूस होते.

यथावकाश अनुदान आलं. पुढच्या वर्षी धाकटीचंही ठिबक झालं. विहिरीत आता उन्हाळ्यातही तळ दिसत नाही. बांध कोरडा असतो, कुणाचं पाणी कुणाकडे फुटत नाही. धाकटीच्या मुलाला रेल्वेत नोकरी आहे, इगतपुरीला क्वार्टर मिळालंय. पाणी भरायची कटकट नाही म्हटल्यावर रान वाट्यानं लावून त्यानं आईला तिकडे नेलं.

परवा मी गावी गेले, तेव्हा मावशी जावेच्या रानात होती. वाटेकऱ्याला कळत नाही, नळ्यांची भोकं बुजतात, म्हणून जाऊन बघते म्हणाली. मी म्हटलं, "तिला फोन लावून देऊ का? पारावर जाऊ या." मावशी नको नको म्हणत होती. "बोलायचं काय तिच्याशी? भांडायला काय उरलंय?" तरी आली माझ्याबरोबर. मी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून पावसाचा एवढा आवाज येत होता, की मलासुद्धा ऐकू येत होता. धाकटी म्हणाली, "इथं लय पानी हाय वो बाई. खिडकीत बसून नुसतं बघायचं. जीव रमत नाय."

मावशी फोन कानाला लावून काही वेळ तो पाऊस ऐकत राहिली. मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, "जेवलीस का गं?"