डबल बेल मीच दिली होती

रफीक गेल्याचा फोन प्रकाश मास्तरनं केला तेव्हा मी दाढी करत होतो. ‘रफीक गेला बे,’ एवढंच तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखं विचारलं, ‘कुठं?’ ... समोरच्या माणसाची बातमी मला गावाच्या दुसऱ्या टोकाहून कळावी! शेगावात त्याचं शिलाईचं दुकान आणि माझं घर समोरासमोर, मधे फक्त रस्ता. पण दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मला त्याचा राग होता. खरं सांगायचं तर अजून आहे.

आम्ही तिघं एका वर्गातले. प्रकाश मास्तर झाला, मी एसटीत कंडक्टर, रफीक टेलर. आम्ही दोघं रिटायर झालो तेव्हा सायकलवर कन्याकुमारीला जायचं खूळ रफीकनंच काढलं. माझी बायको म्हणाली, ‘म्हातारचळ लागला तिघाईले.’ मास्तर पुढे, रफीक मधे, मी मागे, असं ठरलं. मागचा तो कंडक्टर. त्याची घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की सगळे आहेत, चला. मास्तरनं वर एक कायदा केला : ज्याची तब्येत बिघडेल त्याला पहिल्या बसनं घरी पाठवायचं, रडारड चालणार नाही.

पहिल्या दिवशी खामगाव सोडल्यावरचा चढ रफीकनं दात-ओठ खाऊन काढला. चिखलीच्या मुक्कामी जेवला नाही. म्हणे गॅस झाला. मी शहाण्यानं ओवा दिला! दुसऱ्या दिवशी हिवरा आश्रमाच्या रस्त्याला लागलो आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं. एका चढावर त्याचं हँडल डुगडुगायला लागलं. मास्तर चढ ओलांडून पलीकडे उतरलेला. मी घंटीवर अंगठा ठेवला, तर रफीक धापा टाकत म्हणाला, ‘एक नको मारू बे. डबल दे. मास्तर मले बसमधी कोंबन. तू हो पुढं, मी येतो दमानं.’

आणि मी दिली. उभ्या नोकरीत डोकी मोजल्याशिवाय कधी डबल दिली नव्हती, ती त्या दिवशी दिली, आणि मित्राला मागे टाकून पुढे गेलो.

फाट्यावरच्या टपरीवर मास्तरनं तीन चहा सांगितले. तिसऱ्या चहावर साय धरली. रफीकचा फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. मी सायकल वळवली. ते चार किलोमीटर मी कसे तोडले ते मलाच माहीत... प्रत्येक झाडाखाली पाहत होतो आणि पाहायची भीती वाटत होती. आधी त्याची सायकल दिसली, कडेच्या गवतात आडवी. मग तो, लिंबाला टेकलेला, ओठ राखेच्या रंगाचे. सोयाबीन सोंगायला आलेली एक बाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. मला पाहून म्हणाली, ‘बुढ्या माणसाले एकटं टाकून कसे गेले जी तुमी?’

‘गोळी जिभेखाली ठेवली,’ रफीक म्हणाला. ‘आता बरं हाये.’

‘कवापासून हाये हे?’

‘सहा महिने झाले. डॉक्टर नाईच म्हणे सायकलले. फातिमाले माहीत नाई.’ मग त्यानं माझं मनगट धरलं. ‘कोणाले सांगशीन, त खुदाकसम, तोंड पाह्यणार नाई तुझं.’

मास्तर आला तर हा हसून म्हणतो, चक्कर आली होती, उपाशी होतो ना! मास्तरला ते पटलं. एका टेम्पोत सायकली टाकून आम्ही मेहकरला आलो. स्टँडवर खामगावची बस लागलेली. मास्तर म्हणाला, आज आराम करू, उद्या निघू. रफीक माझ्याकडे एकटक पाहत होता. गप्प राहिलो तर हा रस्त्यात मरेल, बोललो तर माझा राहणार नाही. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं, आणि मी बाजूला होऊन थेट त्याच्या बायकोला, फातिमाभाभीला फोन लावला. मग मास्तरला सांगितलं. मास्तर त्याला घेऊन बसमध्ये बसला. रफीकनं खिडकीतून एकदाही वळून पाहिलं नाही.

त्याच्या हृदयाच्या नळ्या मोकळ्या केल्या, दुकान पुन्हा उघडलं. माझ्याशी मात्र शब्द नाही. मीही अडेलतट्टू. मी काऊन जाऊ? मी काय चोरी केली? चिडून दुसरीकडे सदरे शिवून घेतले, एकाचीही बाही धड बसली नाही.

रफीकच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर भाभीनं मला दुकानात बोलावलं आणि त्याची मापाची वही पुढे केली. माझ्या नावाचं पान होतं. जुनी मापं खोडून नवी लिहिलेली, प्रत्येकापुढे ‘अंदाजे’. टेप न लावता, नुसतं रस्त्यापलीकडून पाहून! शेवटची ओळ होती : ‘कंबर ३४ अंदाजे. सदरा लोंबून राह्यला. वाळला. मास्तरले सांगणे.’

माझी साखर वाढल्याचं घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गेल्या वर्षी मास्तरच बळंच ओढून रक्त तपासायला घेऊन गेला होता. वही घेऊन मी तडक मास्तरकडे गेलो. त्यानं ते पान वाचलं. मग म्हणाला, ‘हाव, त्यानंच पाठवलं होतं. पण तुले सांगू नको म्हणून कसम घातली होती.’

मास्तर सज्जन माणूस, त्यानं कसम पाळली. त्याच्या जागी मी असतो तर त्याच संध्याकाळी सांगून टाकलं असतं.