पयले भाकर, मंग भात

आदिलाबादच्या बसस्टँडमागे सुमनकाकूंची मराठी खानावळ होती. आम्ही ऑफिसातली मंडळी रोज दुपारी तिथे जेवायचो. जेवण अर्ध्या तासात व्हायचं, पण तिथले किस्से अजून सरत नाहीत! बायको विचारते, "तुमी जेवाले जात होते का आयकाले?" दोन्हीला, बाई!

काकूंचा नियम एकच. पानात आधी भाकरी, आणि ती संपल्यावर भात. "कलेक्टर आला तरी पयले भाकर, मंग भात!"

*

गुंटूरकडचे नवे तेलुगू साहेब बदलून आले. पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना कौतुकाने काकूंकडे नेलं. समोर दोन भाकऱ्या, झुणका, ठेचा. साहेबांनी एक घास खाल्ला आणि हात आवरून बसले. आमची जेवणं होत आली तरी ते बसलेलेच.

शेवटी हळूच विचारलं, "टिफिन तो हो गया। खाना कब आएगा?"

त्यांच्याकडे भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही! काकू तव्यापाशी बसूनच म्हणाल्या, "भाकर सरल्याबिगर भात नाही, सायेब."

आम्ही ताटात माना घातल्या. साहेबांनी मात्र निमूट दोन्ही भाकऱ्या संपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी येऊन बसले. पुढे रजेवर गावी जाताना त्यांनी ज्वारीचं पीठ बांधून नेलं.

*

परत येताना साहेबांनी आईच्या हातचं आवकाय आणलं. आंब्याचं लालभडक लोणचं! "अक्का, हे खाऊन दाखवा," असं त्यांनी मोडक्या मराठीत आव्हान दिलं. काकूंनी ठेच्याची वाटी पुढे सरकवली. "मंग तुमी हे खा."

दोघांनी खाल्लं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी!

"धूर गेला डोयात," काकू म्हणाल्या.

चूल कधीच विझलेली होती.

*

मग समोर रावगारूंचं मील्स हॉटेल उघडलं. केळीचं पान, डोक्यावर पंखा आणि हवा तेवढा भात. आमच्यातलेही काहीजण रस्ता ओलांडू लागले. काकूंचे पाट रिकामे पडायला लागले.

काका कंटाळून म्हणाले, "बोर्ड बदलू. आपणबी मील्स लिहू, पयले भात वाढू. नाहीतर दसऱ्याले खानावळ बंद."

"बंद करा," काकू म्हणाल्या. "पण माह्या हातानं पयले भात वाढल्या जानार नाही!"

आम्हाला त्यांचा अभिमान वाटला आणि दसऱ्याची धास्तीही.

*

कापसाच्या पेरणीच्या दिवसांत बेल्याकडचे काही मराठी शेतकरी रावगारूंकडे जेवायला शिरले. पान मांडलं, आणि आल्या आल्या भाताचा ढीग! आपल्याकडे भात आला म्हणजे जेवण आटोपलं, हात धुवा. त्यांच्यातले म्हातारे गणपतराव ताडकन उठले.

"आल्या आल्या भात? आमी येवढे जड झालो काय?"

सगळे उठून थेट काकूंकडे! रावगारू मागे धावत आले. "क्या हुआ जी? नमक कम था?" कोणी घाससुद्धा घेतला नव्हता. काकूंना त्या दिवशी पुन्हा पुन्हा पीठ मळावं लागलं.

*

दसरा तोंडावर आला. रावगारूंची मुलगी शाळेत शिकवायची. तिथल्याच एका मराठी मास्तरांशी तिचं जुळलं. मुलाकडचे बोलणी करायला येणार होते, आणि मुलाचे वडील कोण? तेच गणपतराव!

त्या दिवशी सकाळीच रावगारू बायकोला घेऊन खानावळीत आले. "अक्का, बेटी का सवाल है। पहले क्या परोसना, बस इतना बता दो।"

काकूंनी तवा उचलला आणि रस्ता ओलांडला.

रावगारूंच्या हॉटेलात ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या. पाहुणे बसले. काकू टोपली घेऊन आल्या, तर गणपतरावांनी पानावर आडवा हात धरला! रावगारूंचा चेहरा उतरला.

"थांबा बाई," गणपतराव म्हणाले. "सून येऊन राह्यली घरात. तिले परकं वाटू नाही म्हून आमी घरी पयले भात खायाची सवय करून राह्यलो. पयले भातच वाढा!"

काकू क्षणभर टोपलीकडे बघत राहिल्या. मग ती रावगारूंच्या हातात दिली. "तुमी बी बसा. भाकर खा." आणि वाढप्याच्या हातून भाताची बादली घेऊन सुमनकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आधी भात वाढला.

दसरा गेला. काकांनी बोर्ड बदलायचं नावच काढलं नाही. पण समोर रावगारूंच्या बोर्डावर तेलुगूत एक नवी ओळ आणि खानावळीकडे वळलेला बाण दिसला. काकूंना तेलुगू वाचता येत नसे.

"काय लिवलं जी?" त्यांनी मला विचारलं.

"आधी भाकरी पाहिजे असेल तर समोर जा."

काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "आन् मंग भाताले इकडं या, हे काऊन नाही लिवलं?"